आजारी मासा आणि सामाईक पाणी

गाय-बकरीला आपण मुके जनावर म्हणतो. पण ती खरोखर मुकी नसतात. भुकेली बकरी ओरडते, जखमी मांजर विव्हळते, दुखावलेला कुत्रा अंगावर येतो. खऱ्या अर्थाने मुका आहे तो मासा. त्याचे दुखणे आपल्या कानावर येत नाही. त्याला पापण्या नाहीत, त्यामुळे तो डोळे मिटून पडला आहे असेही कधी दिसत नाही. काचेच्या पेटीत तो आजारी पडतो तेव्हा घरातल्या माणसांना ते बहुधा दोन-तीन दिवसांनी कळते. कळते तेव्हाही पहिला प्रश्न असतो, "आता याचे काय करायचे?" हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो फक्त माशांपुरता नाही.

प्रथम ही पेटी म्हणजे काय ते पाहू. दिवाणखान्यातल्या पेटीत दोन-चार गप्पी असतात, त्यांचे मूळ त्रिनिदाद आणि व्हेनेझुएलाच्या ओढ्यांत. निऑन टेट्रा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातला. मॉलीला जड, थोडे खारट पाणीही चालते. तळाशी वाळू हुंगत फिरणारा कॉरिडोरस दक्षिण अमेरिकेचा, तर गोल्डफिशचे पूर्वज चीनचे आणि थंड पाण्याचे. निसर्गात यांतले बहुतेक एकमेकांना कधीच भेटले नसते. आपण त्यांना दुकानातून प्लास्टिकच्या पिशवीत आणले, दोन-अडीच घनफूट पाण्यात एकत्र सोडले आणि त्याला 'कम्युनिटी टँक' असे नाव दिले. ही कम्युनिटी त्यांनी निवडलेली नाही. तिथले पाणी, खाणे, शेजारी, उजेड, सारे आपण ठरवलेले आहे.

आता यांतला एक मासा आजारी पडला. व्यवहारी माणूस म्हणेल, पंचवीस-तीस रुपयांचा मासा, औषधाची बाटली त्याहून महाग. काढून टाका, नवा आणा. हिशेब म्हणून हे चुकीचे नाही. पण जबाबदारी किमतीवरून ठरते का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या परंपरेने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. त्या स्त्रीचा गुन्हा नेमका काय होता, हे मात्र आपण नीट ऐकत नाही. तिने मांजरीला मारहाण केली असे त्या हदीसमध्ये नाही. तिने मांजरीला बांधले, खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न स्वतः शोधायला मोकळेही सोडले नाही. म्हणजे दोष कोंडण्यातून सुरू होतो आणि कोंडल्यावर काळजी न घेण्यात पूर्ण होतो. रानातल्या मांजरीच्या उपासमारीचा जाब कोणाला विचारला गेला नाही. बांधलेल्या मांजरीचा विचारला गेला. उलट, तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहने क्षमा केली, अशीही हदीस आहे. त्या कुत्र्याची किंमत तिथे कोणी विचारली नाही.

पाळणेच मुळात गैर आहे, असा याचा अर्थ नाही. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाने, अबू उमैरने, एक लहानसा पक्षी पाळला होता. तो मेल्यावर खिन्न झालेल्या त्या मुलाची प्रेषित मुहम्मद (स.) यांनी किती मायेने चौकशी केली, हे हदीसच्या वाचकांना ठाऊक आहे. त्यावरून पक्षी पाळण्यास मुभा आहे, असे अनेक विद्वानांनी म्हटले. पण मुभेबरोबर हिशेबही येतो. नदीतला मासा खराब पाण्यातून पोहत दूर जाऊ शकतो. काचेच्या पेटीतला जाऊ शकत नाही. त्याची पळून जाण्याची शक्ती आपण काढून घेतली, म्हणून त्याच्या पाण्याचा जाब आपल्याकडे आला. आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात.

पण माशाला दुखते तरी का, असा प्रश्न काही जण विचारतात. २००३ साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. या माशांच्या चेहऱ्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू त्यांना सापडले. ओठांत आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते आणि बराच वेळ त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. या वेदनेची जाणीव माणसासारखीच असते का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण शंका असेल तेव्हा सावध बाजू घ्यावी, ही आपली जुनी रीत आहे. पवित्र कुरआनने तर जमिनीवर चालणाऱ्या आणि आकाशात उडणाऱ्या प्राण्यांना माणसांसारख्याच 'उम्मती' म्हटले आहे. दहाव्या शतकात बसऱ्याच्या इख्वानुस्सफा या विचारवंतांनी याच धाग्यावर एक अद्भुत खटला रचला. त्यात प्राणी जिन्नांच्या राजापुढे माणसाविरुद्ध फिर्याद मांडतात. मौलवी इकराम अली यांनी फोर्ट विल्यम कॉलेजसाठी केलेल्या भाषांतरामुळे तो उर्दू वाचकांना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून परिचित आहे. आपल्या घरातल्या माशांनी अशी फिर्याद केली, तर पहिला मुद्दा कोणता असेल? मला वाटते, तो पाण्याचा असेल.

मासा निपचित पडला, वर येऊन तोंड उघडझाप करू लागला किंवा अंग दगडावर घासू लागला, की आपण दुकानात जातो. दुकानदार मासा न पाहता एक निळ्या औषधाची बाटली देतो. आपण घरी येऊन अंदाजाने थेंब टाकतो. इलाज केल्याचे समाधान मिळते; निदान मात्र कोणीच केलेले नसते. वैद्यकीचे ज्ञान नसताना जो इलाज करतो, तो होणाऱ्या नुकसानीस जबाबदार ठरतो, असा प्रेषितांचा स्पष्ट निर्देश आहे. तो माणसांच्या इलाजाविषयी असला, तरी त्यातले तत्त्व पेटीपुढेही लागू पडते. हेतू चांगला असणे पुरेसे नाही. ठाऊक असणेही कर्तव्याचाच भाग आहे.

ठाऊक काय असावे? एकच लक्षण वेगवेगळ्या माशांत वेगळे बोलते. फायटर मासा अधूनमधून वर येऊन हवा घेतो, तो आजार नव्हे. त्याला हवेतून श्वास घेण्याचा अवयवच दिलेला आहे. पण टेट्रा आणि गप्पी सारेच पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा अमोनिया वाढला आहे. अंगावर कापसासारखे पांढरे दिसले की सगळे बुरशी म्हणतात. कित्येकदा ती बुरशी नसते, कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूजन्य रोग असतो. मीठ सांडावे तसे ठिपके दिसले, तर तो 'इक' हा परजीवी असण्याची शक्यता मोठी. आता गंमत अशी की इकच्या इलाजात पाण्याचे तापमान वाढवतात, आणि त्याच उष्णतेने कॉलम्नॅरिस अधिक जोराने पसरतो. म्हणजे नाव चुकले की औषधच आजाराला बळ देते. खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिले, तर त्याला ड्रॉप्सी म्हणतात. पण ड्रॉप्सी हे मुळात लक्षण आहे, त्यामागचे कारण निराळे असते.

म्हणून जाणते लोक माशाला हात लावण्याआधी पाणी तपासतात. शाळेच्या विज्ञानात आपण मुलांकडून नायट्रोजन चक्राची आकृती काढून घेतो. ते चक्र या पेटीत अहोरात्र फिरत असते. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. फिल्टरमध्ये आणि वाळूत वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशांना विषारी, तिसरा त्या मानाने सौम्य. हे जिवाणू नीट वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र नवी पेटी संध्याकाळी भरतो आणि त्याच रात्री पंधरा मासे सोडतो. आठवड्याभरात मासे मरू लागले की "दुकानदाराने आजारी मासे दिले" म्हणतो. दुसरीकडे काही घरांत स्वच्छतेचा इतका सोस असतो, की दर रविवारी वाळू आणि फिल्टर नळाखाली खळखळून धुतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते उपयोगी जिवाणू मरतात. दिसायला पेटी लख्ख आणि पाणी विषारी. पाण्याचा नितळपणा आणि पाण्याचा निर्मळपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमोनिया आणि नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत. ते तपासणीच्या थेंबांनी कळतात आणि दोन्हीचे माप शून्य असावे लागते. ते नसेल, तर पहिला इलाज एकच: क्लोरीन उतरवलेले, त्याच तापमानाचे पाणी घालून पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलणे आणि खाणे कमी करणे. कित्येक 'आजार' एवढ्यानेच ओसरतात.

समजा, पाणी ठीक आहे आणि रोग खरोखरच इक आहे. एका टेट्राच्या अंगावर दहा ठिपके दिसतात, बाकीचे मासे स्वच्छ. सहज सुचते ते हे, की हा एक बाहेर काढावा म्हणजे बाकीचे वाचतील. पण इकचा जीवनक्रम पाहिला तर हे सुचणे किती फसवे आहे ते कळते. ठिपक्यातला परजीवी त्वचेखाली असतो. तिथे औषध पोहोचत नाही. तो पोसला की गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्ले तयार होतात. कवच फुटून ती पोहत बाहेर पडली की साधारण दोन दिवसांत त्यांना मासा मिळावा लागतो, नाही तर ती मरतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या पिल्लांनाच. म्हणजे एका माशावर ठिपका दिसला तेव्हा परजीवी पेटीभर पोहोचलेला असू शकतो. ज्याच्या अंगावर दिसले तो रोगाचा एकमेव धनी नसतो, फक्त पहिला साक्षीदार असतो. त्याला काढून टाकणे म्हणजे साक्षीदाराला हाकलून खटला मिटला म्हणण्यासारखे आहे. इलाज संपूर्ण पाण्याचा करावा लागतो. ठिपके नाहीसे झाले तरी तो आणखी काही दिवस चालू ठेवावा लागतो, कारण ठिपका गेला याचा अर्थ परजीवी मेला असा नसून तळाशी गेला असाही असतो.

इथेच खरा नैतिक पेच उभा राहतो. औषध सगळ्या पाण्यात जाते. मॉलीला सोसणारे मीठ कॉरिडोरसला त्रास देते. इकवर वापरले जाणारे मॅलकाइट ग्रीन खवले नसलेल्या माशांना आणि काही टेट्रांना बाधू शकते. त्यांच्यासाठी मात्रा बहुधा निम्मी करतात. तांब्याचे औषध गोगलगाय आणि कोळंबीचा जीव घेते. प्रतिजैविके आणि ते निळे मेथिलीन ब्लू फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंवरही उठू शकतात. तापमान वाढवले की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून हवेचा पंप वाढवावा लागतो. तेव्हा एकाला वाचवण्यासाठी निरोगी दहांना किती त्रास द्यावा? आणि दहांच्या सोयीसाठी एकाला सोडून द्यावे काय?

फिकहच्या ग्रंथांत हा पेच जहाजाच्या रूपाने येतो. इमाम गझाली यांनी 'अल-मुस्तस्फा'मध्ये विचारले आहे: जहाज बुडत आहे, एकाला समुद्रात टाकले तर बाकीचे वाचतील; टाकावे काय? त्यांचे उत्तर नकारार्थी आहे. काही जणांचा जीव वाचवण्यासाठी निरपराध एकाचा जीव घेण्याचा अधिकार मिळत नाही. हजरत युनूस (अ.) यांच्या नावाची चिठ्ठी निघून ते समुद्रात गेले आणि माशाने त्यांना गिळले, हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. पण तो अल्लाहच्या विशेष योजनेतला प्रसंग आहे. तो आपल्यासाठी सर्रास नियम होत नाही. दुसरीकडे, एकोणिसाव्या शतकातल्या उस्मानी 'मजल्ला' या संहितेत दोन नियम जवळजवळ आहेत. एक, नुकसान तेवढ्याच दुसऱ्या नुकसानीने दूर करू नये. दुसरा, सगळ्यांची हानी टळण्यासाठी एकाची हानी सोसता येते. हे परस्परविरोधी वाटतात, पण ते तराजूची दोन पारडी आहेत. मासा म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तरी तराजू तोच हाती धरावा लागतो: आजार किती खात्रीचा, औषध किती घातक, वेगळे ठेवण्याची सोय आहे का, आणि सर्वांत कमी इजा कोणत्या वाटेने होते.

वेगळे ठेवणे ही गोष्ट आपल्याला परकी नाही. आजारी उंट निरोगी उंटांत मिसळू नयेत, साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथून बाहेर पडू नये, या हदीस प्रसिद्ध आहेत. नवा मासा दोन-चार आठवडे वेगळ्या पेटीत ठेवून मगच इतरांत सोडावा, हा जाणत्या पाळणाऱ्यांचा नियम त्याच शहाणपणाचा आहे. जखमी, ड्रॉप्सी झालेला किंवा इतरांनी टोचून हैराण केलेला मासा वेगळा काढणे योग्यच. पण वेगळे ठेवणे आणि टाकून देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेगळ्या पेटीतही स्वच्छ, सोसणारे पाणी हवे, तेवढीच उष्णता हवी, हवा हवी, लपायला आडोसा हवा. जाळीने ओरबाडून काढला तर त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो, आणि तोच त्याचे रोगापासून रक्षण करतो. उघड्या बादलीत टाकून विसरून जाणे याला विलगीकरण म्हणत नाहीत; आपल्याकडे त्याला वाळीत टाकणे म्हणतात.

काही आजार बरे होत नाहीत. निऑन टेट्राचा त्याच नावाने ओळखला जाणारा परजीवी रोग असाच आहे. त्यावर खात्रीचा इलाज नाही आणि तो इतरांत पसरतो. अशा वेळी माशाला शौचालयात सोडणे किंवा फरशीवर तडफडत ठेवणे ही क्रूरता आहे. ओढ्यात वा तलावात सोडणे तर दुहेरी गुन्हा, कारण आपला रोग तिथल्या माशांना देण्याचा अधिकार आपल्याला नाही. दक्षिण अमेरिकेतून पेटीसाठी आलेला सकर मासा आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे, तो अशाच 'दयेने'. असह्य यातनेत असलेल्या माशाला लवंग तेलासारख्या भूल आणणाऱ्या द्रव्याने शांतपणे मरू देण्याची पद्धत जाणकार वापरतात. त्याच्या शरई बाजूबद्दल आलिमांना अवश्य विचारावे. पण जनावर जिबह करतानाही सुरीला धार लावा, त्याला आराम द्या, असे शिकवणाऱ्या धर्मात मरणाची वेळही करुणेने सांभाळावी लागते, याबद्दल शंका नसावी.

माशांचा विचार करता करता मन माणसांच्या वस्तीकडे वळते. ते स्वाभाविक आहे, कारण 'कम्युनिटी' हा शब्द आपल्याला रोज दुसऱ्याच अर्थाने ऐकावा लागतो. एखादा मुलगा चुकला की साऱ्या समाजाच्या अंगावर ठिपके शोधले जातात. पाणी तपासायला मात्र सहसा कोणी येत नाही. २००६ चा सच्चर समितीचा अहवाल हा तसा पाणी तपासण्याचा प्रयत्न होता: शाळा किती, नोकऱ्या किती, बँकेचे कर्ज किती. ते थेंब टाकल्यावर रंग कोणता आला, हे सर्वांनी पाहिले. तक्रार करण्याचा आपला हक्क खरा आहे.

पण तोच आरसा आपल्याकडेही वळवावा लागेल. आपण स्वतः काय करतो? अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला मठ्ठ ठरवताना त्याच्या घरातली अकरा माणसांची खोली आपण पाहतो काय? नवऱ्याने टाकलेल्या मुलीला 'तिचाच स्वभाव' म्हणताना त्या घरातले पाणी तपासतो काय? प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला जमातीबाहेर काढताना, त्याने दाखवलेला ठिपका साऱ्या पेटीचा असू शकतो, हे मनात येते काय? सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला, तो सर्वच समाजांत ही सवय आहे म्हणूनच. आणि उलट बाजूही विसरू नये: सगळा दोष पाण्यावर टाकून परजीवी नाकारणे हेही चुकीचे निदान आहे. पाणी सुधारले तरी काही रोगांना औषध द्यावेच लागते, आणि ते कडू असते.

दोन मजल्यांच्या नावेची हदीस इथे आठवते. खालच्या मजल्यावरचे लोक पाणी घेण्यासाठी तळाला भोक पाडू पाहतात. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळे बुडतात. हात धरला तर सगळे वाचतात. त्या नावेत वरचे आणि खालचे वेगळे असतात, पाणी मात्र एकच असते. पेटीतही तसेच आहे. निरोगी आणि आजारी हे तिथे वेगळे गट नाहीत. एकाच पाण्यात आज दिसलेले आणि उद्या दिसणारे एवढाच फरक आहे.

म्हणून आजारी माशापुढे उभे राहिल्यावर क्रम लक्षात ठेवावा. आधी पाणी पाहावे, मग मासा. आधी नाव पक्के करावे, मग औषध उघडावे. मात्रा माशाच्या आकारावर नव्हे, पाण्याच्या मापावर मोजावी. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटीत वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता ६० लिटरांच्या आत-बाहेर पाणी असते, ते मोजल्याशिवाय थेंब टाकू नये. औषध चालू असताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा, नाही तर तोच औषध शोषून घेतो. दुबळ्यांची मात्रा सांभाळावी. वेगळे काढायचे तर परत आणण्याच्या इराद्याने काढावे. ठिपके गेले म्हणून इलाज अर्धवट सोडू नये. यांतली एकही गोष्ट फार खर्चाची नाही. प्रत्येकीला थोडा सब्र आणि थोडी नजर लागते. शिफा देणारा अल्लाह आहे, पण पाणी त्याने आपल्या हाती सोपवले आहे.